खोट्या काट्यावरचं वजन

विश्वास ठेवायचा तर ठेवा. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा आतेभाऊ आहे, आणि गोष्ट रचण्याइतकी कल्पनाशक्ती त्याच्या बापजन्मात त्याच्याकडे नव्हती.

रविवार होता. दुपारचे साडेतीन. ऑफिसचा तिसरा मजला, खिडकीतून लख्ख ऊन. रात्रबित्र काही नाही.

घरात त्याला सगळे 'दीड' म्हणतात. दीडशहाणा म्हणायला वेळ कोणाला आहे?

दीड प्रोग्रामर. त्याची कंपनी हॉस्पिटलच्या औषधपंपाचा प्रोग्राम बनवते. खाटेखालचा काटा पेशंटचं वजन सांगतो, प्रोग्राम त्यावरून डोस काढतो, पंप तेवढं औषध शिरेत सोडतो.

फंक्शन म्हणजे प्रोग्रामचा एकेक काम करणारा तुकडा. त्यांच्याकडे पद्धत अशी, की डोस काढणाऱ्या फंक्शनला काट्याकडून वजन आणणारं फंक्शन बाहेरून हातात द्यायचं. टेस्ट करताना खऱ्याच्या जागी खोटं द्यायचं. मॉक म्हणतात त्याला. दीडचं मॉक एका ओळीचं. कधीही विचारा, उत्तर 'साठ'.

टेस्ट हिरवी, म्हणजे पास. दीड खूश.

सगळ्यांचं काम तपासायला एक बाई होत्या. वीस वर्षं नर्स, मग हे काम शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "काटा बिघडून गप्प बसला तर? तुझं खोटं फंक्शन कधी गप्प बसतच नाही."

"बाई, तुम्ही बेडपॅन उचलायचात ना? फंक्शनचं माझ्यावर सोडा."

आजूबाजूचे चार लाळघोटे हसले. बाई हसल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात त्या आजारी पडल्या. परत आल्याच नाहीत. अंत्यदर्शनाला सगळं ऑफिस गेलं. दीडला नेमकं त्याच दिवशी काम निघालं.

तर त्या रविवारी… मजल्यावर तो एकटाच. सोमवारी पंप हॉस्पिटलात जायचे होते. त्यानं शेवटच्या टेस्ट लावल्या.

एक लाल झाली.

वजन हवं होतं साठ. आलं… अडतीस.

त्यानं मॉक उघडून बघितलं. तीच एक ओळ. त्यात साठच लिहिलेलं. अख्ख्या इमारतीत खरा काटा एकही नव्हता.

पुन्हा चालवलं.

साडेछत्तीस.

पुन्हा. छत्तीस.

एसीचा आवाज थांबला होता. कधी थांबला, त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

तेहतीस.

साडेएकतीस.

आणि मग… काहीच नाही. खोट्या फंक्शननं उत्तरच दिलं नाही.

पण प्रोग्राम थांबला नाही. वजन मिळालं नाही, तर त्यानं खुशाल आधीच्या पेशंटचं वजन धरलं आणि डोस काढून मोकळा झाला. म्हणजे उद्या नव्वद किलोच्या माणसाचं औषध तीस किलोच्या बाईला.

दीडच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं चूक दुरुस्त केली. वजन न मिळाल्यास पंप बंद. टेस्ट चालवली. साठ. हिरवी.

एसी सुरू झाला.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "एवढी मोठी चूक शोधली कोणी?"

"मी," दीड म्हणाला. टाळ्याही घेतल्या त्या निर्लज्जानं.

मग त्याला वेगळीच धास्ती लागली. बाईंनी हे आधीच कुठे लिहून ठेवलं असेल तर? त्यानं त्यांच्या मुलीला फोन लावला. सांत्वन दोन वाक्यांत उरकलं आणि मुद्द्यावर आला. "आईंची कामाची वही आहे का घरी?"

"आहे. पण शेवटच्या पानांवर काम नाही. रोज सकाळी स्वतःचं वजन लिहायची. अडतीस… साडेछत्तीस… छत्तीस… तेहतीस…"

"साडेएकतीस," दीडच्या तोंडून निघून गेलं.



"मग काट्यावर उभं राहणंच जमेना तिला," मुलगी म्हणाली. "पण तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर आलाच नव्हतात."

त्यानं फोन ठेवून दिला.

आठवड्यानं पंप बसले. चूक शोधल्याचा मानकरी म्हणून वापर समजावून द्यायला साहेबांनी दीडलाच पाठवलं. त्यानं घसा खाकरून सुरुवात केली, तर वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "राहू द्या. काल तुमच्या बाई येऊन सगळं दाखवून गेल्या."

"कोण बाई?"

"नाव नाही सांगितलं. आधी नर्स होते म्हणाल्या. फार बारीक झाल्यात हो. चार वेळा काट्याची वायर काढून बघितली त्यांनी. चारही वेळा पंप थांबला, तेव्हा कुठे उठल्या."

दीड पंपाकडे बघायला लागला.

"तुमच्याबद्दलही बोलल्या," सिस्टर म्हणाल्या. "हे एक झालं. त्याचं बाकीचं काम अजून बघायचंय, म्हणाल्या."

परवा तो माझ्याकडे आला होता. चेहरा उतरलेला, चहा तसाच गार. मी विचारलं, "असली खोटी फंक्शनं लिहिलीस तरी किती?"

तो बोटांवर मोजायला लागला.

दोन्ही हात संपले… आणि तो माझ्या खांद्यामागे, बंद दाराकडे बघत राहिला.

मी काही वळून बघितलं नाही.