पाइपदिव्याची हिरवी तार

दिवा लागत होता. बटण दाबलं की लागत होता, पुन्हा दाबलं की विझत होता, आणि दिव्याने याहून वेगळं काय करायचं असतं ते अबोलीला कळत नव्हतं. तरी तपास्याने त्याला नापास केलं.

तपास्या म्हणजे सोमवाडीचा तपासनीस यंत्रमानव. सोमवाडी ही चंद्राच्या जमिनीखाली वसलेली दोनशे माणसांची वसाहत, आणि तिथे विजेवर चालणारी कुठलीही नवी वस्तू घरात ठेवायची तर तपास्याचा शिक्का लागे. तो उंचीला अबोलीच्या खांद्याइतका होता. त्याच्या उजव्या हाताला माणसासारखी पाच बोटं होती, डाव्या हाताला एकच लांब बोट, आणि तेही मोजमापाचं. ओळखीपाळखीचा त्याच्यावर काडीचा परिणाम होत नसे. मागच्याच महिन्यात त्याने वसाहतप्रमुखांचा मिक्सर नापास केला होता, तेव्हापासून प्रमुख चटणी पाट्यावर वाटत होते.

"नापास," तो म्हणाला. "कारण, धातूचं अंग बेवारस आहे. मुदत तीन दिवस. नंतर पाइप भट्टीत."

आणि तो पुढच्या घरी गेला. अबोलीने दिवा उचलून छातीशी धरला.

कारण तो पाइप साधा नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी सोमवाडीत पाण्याची पहिली लाइन टाकली ती तिच्या आज्जाने, सिद्राम हुक्केरी यांनी. इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये वायरमन आणि फिटर अशी दोन्ही कामं केलेला माणूस, पंचावन्नाव्या वर्षी उठून चंद्रावर आला, तीन वर्षं राहिला, आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून परत गेला. डॉक्टरांनी त्यांना पुन्हा यानात बसायची बंदी केली. गेल्या महिन्यात ती जुनी लाइन काढली, तेव्हा एका एल्बोवर (काटकोनात वळलेल्या जोडावर) खिळ्याने कोरलेली दोन अक्षरं अबोलीला दिसली : 'सि. हु.'

चंद्रावर धातू वाया घालवत नाहीत. जुनं ते सगळं वितळवून नवं करतात. तो एल्बो आणि हातभर पाइप तिला मिळाला तो एकाच अटीवर. त्याची उपयोगी वस्तू करायची आणि ती पास करून घ्यायची. म्हणून अबोलीने पाइपचा दिवा करायला घेतला.

काम तिने मन लावून केलं होतं. कापलेल्या पाइपच्या तोंडाला आतून धार राहते आणि ती वायरचं रबर कापते, म्हणून तिने कानशीने ती धार घासून काढली. एका नटाला दोरा बांधून तो पाइपमध्ये सोडला. चंद्रावर वस्तू सावकाश पडतात, त्यामुळे नट खाली पोचेपर्यंत तिला गाण्याचा एक शब्द गुणगुणता आला. मग त्या दोऱ्याला वायरी बांधून ओढून घेतल्या. आटे आवळले, वर होल्डर बसवला, खाली जड चकती लावली. पिन सॉकेटपासून लांब ठेवूनच सगळं काम करायचं आणि शेवटी आईने पाहिल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा घरचा नियमही पाळला.

वायरी तीन होत्या. लाल म्हणजे फेज (वीज घेऊन येणारी तार). काळी म्हणजे न्यूट्रल (वीज परत नेणारी तार). आणि हिरवी म्हणजे अर्थिंग (धातूच्या अंगाला जोडलेली सुरक्षेची तार). लाल आणि काळी पिनेला गेली. हिरवीचं काय करायचं हे अबोलीला कुणाला विचारावं लागलं नाही, कारण आठ वर्षांची होईपर्यंत ती आज्जाच्याच घरी वाढली होती.

इचलकरंजीच्या त्या घरात सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेचं होतं, त्याच्यामागे तारच नव्हती. आज्जाने हिरवी तार थेट परसात नेली होती. तिथे एक खड्डा, खड्ड्यात लोखंडी नळी, भोवती कोळसा आणि मीठ. उन्हाळा लागला की रोज संध्याकाळी आज्जा बादली घेऊन निघत आणि अबोली तांब्या घेऊन मागोमाग. "झाडाला एक दिस पानी चुकलं तर चालतंय," आज्जा म्हणत, "अर्थिंगला चुकवायचं न्हाई."

म्हणून अबोलीने प्लास्टिकच्या डब्यात चंद्राची माती भरली, तीत सळई रोवली, पाइपला जोडलेल्या हिरव्या तारेचं दुसरं टोक सळईला बांधलं आणि आपल्या वाट्याच्या पाण्यातून रोज एक पेला वाचवून आठ दिवस त्या मातीला घातला. सोमवाडीत पेलाभर पाणी म्हणजे चैन. आठ दिवस ती अर्धवट तहानलेलीच झोपत होती, आणि आईला वाटत होतं पोरगी आता शहाणी झाली, पाणी जपून वापरते.

आता तिने आज्जाला फोन लावला. चंद्रावरून निघालेला आवाज पृथ्वीवर पोचायला सव्वा सेकंद लागतो आणि उत्तर यायला आणखी सव्वा, त्यामुळे दोघांनाही अडीच सेकंद थांबून बोलायची सवय झाली होती.

"आज्जा, दिवा लागतोय की! तरी त्यानं नापास केला."

अडीच सेकंद गेले.

"अर्थिंगला पानी घातलंस?"

"आठ दिवस."

"मग मीठ कमी पडलं आसंल. दोन मुठी घाल आन् परत बोलीव त्याला."

अबोलीने दोन मुठी मीठ घातलं. दुसऱ्या दिवशी आज्जाला फोनवर घेऊन तिने तपास्याला बोलावलं. त्याने मोजमापाचं बोट हिरव्या तारेला लावलं आणि म्हणाला, "नापास. शिवाय खारट."

या वेळी मात्र अबोली त्याच्या वाटेत उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिला रागही आला होता. "पण का? ते तरी सांग!"

"काल विचारलं नव्हतंस," तपास्या म्हणाला, आणि तिथेच खाली बसला. फोनच्या पडद्यावर आज्जाही पुढे सरसावले. चाळीस वर्षं केलेल्या कामाला एक पत्र्याचं पोर नावं ठेवतंय, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

तपास्याने आधी पिन काढली. होल्डर उघडून लाल तारेचा थोडासा उघडा भाग पाइपला आतून टेकवला आणि होल्डर पुन्हा लावला. "तारेवरचं रबर कधीतरी झिजतं. ते आज झिजलं असं समजू. आता मागे उभी राहा आणि कशाला हात लावू नकोस."

त्याने पिन लावून बटण दाबलं. दिवा लागला, अगदी कालच्यासारखा. काही बिघडलंय असं त्या उजेडाकडे पाहून कुणी म्हणालं नसतं. मग तपास्याने डावं बोट पाइपवर टेकवलं. त्याच्या छातीवर आकडा उमटला : दोनशे तीस व्होल्ट.

"या बोटाच्या जागी तुझं बोट असतं तर तुला जबर धक्का बसला असता. जीवही गेला असता. आणि दिवा लागलेलाच राहिला असता."

अबोलीने दोन्ही हात पाठीमागे लपवले. याच पाइपला धरून ती आठ दिवस दिवा इकडून तिकडे हलवत होती.

"पण डब्यातून वीज जमिनीत जायला हवी होती ना?"

"वीज जमिनीत मुरत नाही. ती जिथून निघाली तिथेच तिला परत जायचं असतं, आणि इथे ती निघते वीजखोलीतल्या यंत्रातून. लाल तारेने येते, बल्बमधून जाते, काळ्या तारेने परत. याला मंडल म्हणतात (विजेची पूर्ण गोल वाट). वाट पूर्ण असली तरच वीज वाहते. आता सांग, तुझ्या डब्यात उतरली तर पुढे कुठे जाईल?"

अबोलीने डब्याकडे पाहिलं. माती ओली होती, खारट होती, तिच्यातून वीज गेलीही असती. पण तिच्याखाली प्लास्टिक. "कुठेच नाही. पुढे वाटच नाही."

"म्हणून ती डब्याकडे फिरकत नाही, आणि म्हणूनच पाइपचं अंग बेवारस. पण ही फरशी धातूची आहे आणि ती वीजखोलीतल्या यंत्राला जोडलेली आहे. जो पाइपला हात लावून फरशीवर उभा राहील, त्याच्या अंगातून वाट पूर्ण होईल. तारेचं काम मग माणूस करेल."

तिकडे आज्जा ताडकन उठले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"आगं, डीपी!" ते ओरडले. डीपी म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावरचं विजेचं रोहित्र (वीज घराला वापरता येईल अशी करून देणारं यंत्र). "डीपीच्या बुडालाबी एक खड्डा हाय! म्हंजे वीज आपल्या खड्ड्यातनं उतरायची, मातीतनं चालत जायची आन् त्या खड्ड्यातनं डीपीत चढायची. मी पानी घालत हुतो ते वाट ओली ठेवायला. चाळीस वर्सं एका टोकाला पानी घातलं आन् दुसरं टोक कधी डोक्यातच आलं न्हाई!"

"बरोबर," तपास्या म्हणाला. "ओल्या मातीतून वीज सहज जाते, कोरडीतून जवळजवळ नाही. पृथ्वीवर पाणी घालणं योग्यच होतं. चंद्राची माती मुळातच कोरडी ठणठणीत, आणि वीजखोलीचा इथे खड्डाच नाही."

"मग इथली वाट कुठली?" अबोलीने विचारलं, आणि विचारता विचारताच तिची नजर सॉकेटकडे गेली. "तिसरं भोक! इथं त्याच्यामागं तार आहे?"

"जाड तार. थेट वीजखोलीपर्यंत. प्रत्येक घरातून."

"मला म्हाईत नव्हतं बघ," आज्जा म्हणाले. "मी तिथं पान्याचंच बघत हुतो. विजेच्या खोलीकडं कुणी फिरकूच द्यायचं न्हाईत." पोरीला मिठाचा सल्ला दिल्याबद्दल ते ओशाळले होते आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

शेवटच्या दिवशी तपास्या आला तेव्हा दिव्याला तीन पिनांचा प्लग होता. हिरव्या तारेचं एक टोक पाइपच्या आतल्या स्क्रूला, रंग खरवडून घट्ट आवळलेलं, दुसरं टोक मोठ्या पिनेला. आईने एकदा आणि अबोलीने चारदा तपासलं होतं. आई कामावरून सुटी काढून दाराशी उभी होती आणि आज्जा पडद्यावर होते.

तपास्याने तोच बिघाड पुन्हा केला. लाल तार पाइपला टेकवली. पिन लावली. बटण दाबलं.

खट्!

दिवा लागलाच नाही. खोलीतले पंखेसुद्धा बंद पडले. अबोलीचा चेहरा उतरला. आठ दिवसांचं पाणी, कानशीने सोललेली बोटं, आज्जाची अक्षरं, सगळं भट्टीत गेलेलं तिला दिसायला लागलं.

"पास," तपास्या म्हणाला.

"पण तो लागला कुठं?"

"तेच तर हवं होतं. या वेळी पाइपमध्ये आलेल्या विजेला हिरव्या तारेची मोकळी वाट मिळाली. वाट मोकळी म्हणून एकदम मोठा प्रवाह धावला, आणि तो पाहून एमसीबी पडला (जास्त प्रवाह होताच आपोआप बंद होणारा स्विच). डोळ्याचं पातं लवायच्या आत. कुणी हात लावायची वेळच आली नाही." मग त्याने बिघाड काढला, स्विच वर केला आणि चकतीवर शिक्का मारला. जाताना डबाही उचलला. "यातलं पाणी तापवून परत मिळवता येईल. मीठही."

दिवा आता नीट लागला. पिवळसर उजेड एल्बोवर पडला. अबोलीने फोन उचलून अगदी जवळ नेला.

"आज्जा, दिसतंय?"

अडीच सेकंद गेले. मग पाच. मग दहा. अबोलीला आधी वाटलं, फोन तुटला. मग तिला आज्जा चष्मा पुसताना दिसले.

"माझी अक्षरं लई वाकडी आली हुती गं," ते शेवटी म्हणाले. "हातात मोजे हुते तवा."

"तशीच राहू देत."

"ऱ्हाऊ देत." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आन् ही हिरवी तार, बघ. रोज काय बी काम करत न्हाई. नुसती पडून आसती. पर तिला काढायची न्हाई."

"नाही काढणार. आज्जा, पुढच्या वर्षी मंगळावर वस्ती व्हायची आहे. तिथली माती ओली असते का?"

या वेळी उत्तर बरोबर अडीच सेकंदांनी आलं. "तपासून बघायचं आन् मग मला सांगायचं. मी आता पानी घालायला जातो. दोन्ही टोकांना घालीन म्हनतो, पर त्या डीपीच्या कुंपनात मला कोन सोडतंय!"

पडद्यात बादलीचा आवाज झाला. अबोलीने पेलाभर पाणी घेतलं आणि दिव्याच्या उजेडात बसून ते सगळं पिऊन टाकलं.