दह्याचा चौथा चमचा

शटर अर्धं ओढून घ्या आणि बसा, पोरांनो. ही गोष्ट दिवसाउजेडी गिऱ्हाइकांसमोर सांगता येत नाही. प्रबोध अजूनही पोहे न्यायला आपल्याच दुकानी येतो, उगाच त्याच्या कानावर जायला नको.

दोन हजार पंचवीसचा सप्टेंबर. शाळांना आठवड्याची सुट्टी लागणार होती. प्रबोध बुकित पंजांगच्या आपल्या घरून एमआरटीच्या गाडीनं इथे लिटिल इंडियात आला, मेतकूट आणि भाकरवडी न्यायला. त्याचा मुलगा तन्मय, सून अनघा आणि नात ईशा फ्रान्सला निघाली होती. तिकडच्या खेड्यापाड्यांतले जुने किल्ले बघायचे, द्राक्षांच्या मळ्यांतून हिंडायचं.

"किल्ल्यात बसून भाकरवडी खाणार का रे?" असं मी विचारलं तर म्हणाला, "सूनबाई म्हणते, तिकडे जिथे तिथे चीजच." आपल्या माणसांचं हे असंच. मागे एक गिऱ्हाईक स्वित्झर्लंडला कुकर घेऊन निघालं होतं, आणि विमानतळावर सगळ्यांदेखत त्याला बॅगेतून शिट्टी काढून दाखवावी लागली!

"मग तू का नाही जात?"

"घरी कोणी नको का?" प्रबोध म्हणाला.

घरी होतं कोण? बायको, सरोजिनी, दोन वर्षांपूर्वीच गेलेली.

प्रबोध जहाजावरचा इंजिनियर. जन्मभर निघायचा तो, आणि दारात त्याच्या हातावर दही ठेवायची सरोजिनी. स्वतः ती कुठेच गेली नाही. फ्रान्सचे किल्ले बघायची हौस मुळात तिची. कॅलेंडरवरचं किल्ल्याचं चित्र कापून तिनं फ्रीजवर चिकटवलं होतं. ती गेली, पण घर काही रिकामं झालं नाही. दिवेलागणीला स्वयंपाकघरात बांगड्या वाजायच्या, एखादं भांडं सरकायचं. प्रबोध सोफ्यावरूनच म्हणायचा, "सरू, आज फार उकडतंय गं." भीती? छे! त्या आवाजाच्या सोबतीवर तर तो दिवस काढत होता. तो फ्रान्सला गेला नाही, तो तिला एकटं टाकवेना म्हणून.

निघताना दही ठेवायचं काम आता त्याच्याकडे आलं. तन्मयच्या हातावर एक चमचा, अनघाच्या हातावर एक, ईशाच्या हातावर एक. "आजोबा, स्टिकी ला!" असं इथल्या पोरांच्या ढंगात म्हणत ईशानं हात फ्रॉकला पुसला. वाटीत आणखी चमचाभर उरलं होतं. प्रबोधनं ते सरोजिनीच्या फोटोपुढे ठेवलं आणि लाडानं म्हणाला, "हौस तुझीच होती. तूही जाऊन ये."

दही दिलं की माणूस निघतो. एवढं मात्र तो विसरला.

त्या संध्याकाळी बांगड्या वाजल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. पंख्याचा आवाज तेवढा, आणि घरभर हा एकटा. एकाच्याच पानाला भात काढताना त्याचा हात थांबायचा.

काय गं ऋता? भुताला शेंगेन व्हिसा लागत नाही का, म्हणतेस? हस, हस. ती खरंच निघून गेली या विचारानं पहिल्यांदा प्रबोधलाही हसूच आलं होतं.

मंगळवार, नऊ तारीख. पितृपंधरवडा लागलेला. चिनी शेजाऱ्यांचाही पितरांचा महिना. खाली त्यांनी पितरांसाठी जाळलेल्या कागदी नोटांचा धूर प्रबोधच्या दहाव्या मजल्यापर्यंत आलेला. रात्र बाराला टेकली होती. तिकडे अजून ऊन होतं. व्हिडिओ कॉल आला.

"आजोबा, कॅसल बघा! सो बिग ला!"

वेलींच्या रांगांमधून पांढऱ्या मातीची वाट. तिघं हसत, गप्पा मारत चाललेली. मागे टोकदार मनोरे.

"बाबा, तुम्ही यायला हवं होतं," अनघा म्हणाली.

प्रबोध हसला. मग त्याचं हसू थांबलं. तिघंही समोर दिसत होती. आणि फोन त्यांच्यापुढे चालत होता.

"तन्मय... फोन कोणाच्या हातात आहे?"

"ईशाच्या..." म्हणत तन्मयनं वळून पाहिलं. ईशाची ओंजळ द्राक्षांनी भरलेली.



फोनच्या अगदी जवळ बांगड्या वाजल्या.

कॉल तुटला.

दुसरा कोणी असता तर बोबडी वळली असती. प्रबोधच्या डोळ्यांत पाणी आलं. सापडली! काळ्या पडलेल्या फोनला तो म्हणाला, "सरू, पुरे झालं फिरणं. घरी ये. मला करमत नाही गं."

धूर विरत आला. घर गप्प.

मग बाहेर लिफ्ट उघडली.

पावलं. अनवाणी. सावकाश.

बांगड्या...

दारापाशी थांबल्या.

प्रबोध उठला. धावतच दाराशी गेला. कडीवर हात ठेवला. बाहेर जाळीचं दार, आत हे लाकडी. मध्ये वीतभर जागा. ज्या आवाजाशी तो दोन वर्षं बोलला, तो आवाज त्या बाजूला उभा होता. कडी सरकवली की झालं.

हात हलेना.

घरात वाजणाऱ्या बांगड्या वेगळ्या. दाराबाहेर उभं असलेलं... ते वेगळं.

"सरू?"

...

"सरू, तूच ना?"

...

तो तसाच उभा. ती तशीच उभी. किती वेळ, कोण जाणे. त्यानं कडी काढली नाही. एवढ्या वादळांतून जहाजं आणलेला माणूस. नाही काढली.

मग लिफ्टचं दार मिटल्याचा आवाज आला.

सकाळी तन्मयचा निरोप आला. फोन वाटेत पडलेला मिळाला, नेटवर्कची भानगड असावी, आम्ही सगळे ठीक, अजून चार दिवस इथेच. ते वाचून प्रबोधनं दार उघडलं. त्या दिवसापासून त्याच्या घरात भांडं सरकलेलं नाही. संध्याकाळी तो टीव्ही मोठ्यानं लावतो.

त्या सकाळी दार उघडलं तेव्हा बाहेर पायपुसणं होतं. त्यावर वाळलेल्या मातीचे दोन अनवाणी पाय उमटलेले. आपल्या इथली माती लाल, हे तुम्हाला माहीत आहे. ही खडूसारखी पांढरी. टाचा दाराकडे होत्या, आणि बोटं लिफ्टकडे.