दांडीवरचे दात

तंबाखू ओढायचे पाइप दुरुस्त करायचं काम मी चाळीस वर्षं केलं. त्या दुपारी शाळेतल्या बाई नवऱ्याचा पाइप घेऊन आल्या. ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळातून हाताने कोरलेला, सरळ दांडीचा, जुन्या घाटाचा. नवऱ्याला जाऊन वर्ष झालं होतं.

"काका, दांडी सैल झालीय, तेवढी घट्ट करा. टोकाला त्यांच्या दातांच्या खुणा आहेत, त्यांना मात्र हात लावू नका हं. त्यांचं एवढंच राहिलंय माझ्याकडे."

"नाही लावणार," मी म्हणालो.

दांडी घट्ट केली. मग हात आपसूक पॉलिशच्या चाकाकडे गेला. काम झालं की पॉलिश, हे हातांना इतकं पाठ, की ते डोक्याला विचारतच नाहीत. चाक थांबवलं तेव्हा दांडी काचेसारखी गुळगुळीत झाली होती.

खुणा गेल्या होत्या. लबाडीही सुचली, आपणच चावावं. पण माझ्या तोंडात कवळी. तिच्याने पाव तुटत नाही, दांडी कसली! पाइप टेबलावर ठेवला, दाराला कडी घातली आणि मागे जाऊन तोंडावर पाणी मारून आलो.

दुकानात तंबाखूचा वास होता. गोडसर, ताजा. कडी तशीच. पाइपची तंबाखू भरायची वाटी गार होती... दांडी मात्र ओली. आणि टोकाला दातांचे दोन खळगे.

संध्याकाळी बाई आल्या. खळग्यांवरून बोट फिरवताना थांबल्या.

"ओढून बघितलात, काका?"

"नाही... बाई, मी चुकलो. खुणा घासल्या गेल्या होत्या. ह्या... ह्या मी केलेल्या नाहीत."

त्या दचकल्या नाहीत. ओलावा न पुसताच त्यांनी पाइप गालाला लावला. हळूच म्हणाल्या, "अहो... इतके दिवस कुठे होतात?"

माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या उशीच्या अभ्र्यावर केसांच्या तेलाचा डाग होता, म्हणून तो मी कधी धुतला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी साबण लावून खसाखसा धुतला. डाग गेला. दोरीवर टाकला आणि समोर बसून राहिलो.

दुपारी अभ्रा वाळला. कोराच होता. माझंच वेडेपण, म्हटलं, आणि तो उशीला घालायला आत गेलो.

तिची उशी गार होती. सकाळी झटकून ठेवलेली माझी मात्र मधोमध खोलगट झाली होती... आणि कोमट.