मागचा दिवा

"या लोखंडापायी एक दिवस आपल्यालाच बाहेर झोपावं लागणार आहे," भाऊजी पुटपुटले.

त्यांना वाटलं मी स्वयंपाकघरात आहे. मी होते त्यांच्यापासून हातभर अंतरावर, रॅकच्या मागे, तोंडात स्क्रूड्रायव्हर धरून. म्हणून उत्तर देता आलं नाही. दीर-भावजयीचं नातं टिकतं ते अशाच कारणांनी.

आमची पुढची खोली दुकानाची, मागची सामानाची, आणि दोन्हींच्या मध्ये भिंतीऐवजी हा रॅक. जमिनीपासून माझ्या डोक्याच्या वर जाईपर्यंत एकावर एक सरकवलेले जुने सर्व्हर, म्हणजे कंपन्यांचे कॉम्प्युटर, लांब, चपटे, जडशीळ. ह्यांचं काम अशा मशिनांच्या देखभालीचं. कंपन्या नवं घेत, जुनं फेकत, आणि फेकलेलं हे घरी आणत, काही लोक मांजरीची पिल्लं आणतात तसं. हे गेले त्याला आता वर्ष होत आलं. दुरुस्तीचं दुकान मी चालवते. कोर्स नाही, सर्टिफिकेट नाही. जे येतं ते या रॅकच्या मागे उभं राहून शिकले.

भंगारवाला किलोवर न्यायला तयार होता आणि मी हो म्हणत नव्हते, म्हणून भाऊजींची कुरकुर. पण त्याच आठवड्यात कॉम्प्युटरच्या मेमरीचे भाव चढले.

चढले म्हणजे कसे, तर उकळत्या दुधासारखे. मोठमोठ्या कंपन्यांनी नवा सगळा माल आधीच उचलला होता, बाजारात मेमरीची, म्हणजे रॅमची, पट्टी मिळेना, आणि लोक जुन्या सर्व्हरमधल्या पट्ट्यासुद्धा हातोहात नेऊ लागले. आमच्याकडे तर त्यांची भिंतच उभी होती. उकिरड्याचे पांग फिटतात म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं. भाऊजींनी कुरकुर गिळली, फोन कानाला लावला आणि दुपारपर्यंत एक व्यापारी पक्का केला. संध्याकाळी ते त्याच लोखंडावरून फडकं फिरवत होते, नवरदेवाच्या घोड्यावरून फिरवावं तसं.

लेक तर नाचायचीच बाकी होती. दूरच्या शहरात तिला हव्या त्या कोर्सला जागा मिळाली होती. ती ठरल्या मुदतीत फी भरून पक्की केली नाही तर दुसऱ्याला जाणार होती. आतापर्यंत आम्ही तिघंही तो विषय टाळत होतो. त्या रात्री तिने बॅगांचे रंग विचारले.

दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. ही मशिनं मागून सगळी सारखीच दिसतात, नुसत्या वायरी. म्हणून प्रत्येकाच्या पुढे एक बारीक बटण असतं. ते दाबलं की त्या मशीनचा निळा दिवा पुढेही लागतो आणि मागेही. मागे उभ्या माणसाला कळतं, हेच. हे होते तेव्हा पुढे उभे राहून बटण दाबायचे. ज्याचा दिवा लागेल त्याची विजेची वायर मी काढायची. वायर निघाली की दिवा विझायचा आणि हे मशीन पुढे ओढून घ्यायचे. बोलायचं काम नाही. लग्नानंतर आमचं पहिलं एकमत झालं ते या दिव्यावर.

आता पुढे भाऊजी होते. वरून सुरुवात करायची असं ठरलं होतं. मी सगळ्यात वरच्या वायरीला हात घातला आणि खाली, गुडघ्याशी, निळा दिवा लागला.

ह्यांचा भाऊच तो, म्हटलं, ऐन वेळी बेत बदलायचा. वायर काढली, दिवा विझला. ओढा म्हटलं. भाऊजी म्हणाले, वरचं ना? मी म्हटलं, हेच. झाकण उघडलं तर प्रत्येक खाच भरलेली, आणि पट्ट्या सगळ्यात मोठ्या, व्यापारी ज्यांच्यासाठी हात जोडत होता त्याच. भाऊजींनी चक्क शीळ घातली.

"वहिनी, तुम्हाला कसं कळलं?"

"बटण तुम्हीच दाबलंत ना?"

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हातांत चहाचे कप होते.

"कोपर लागलं असेल," ते म्हणाले.

कोपर दुसऱ्यांदाही लागलं. तिसऱ्यांदा भाऊजी घरातच नव्हते. मी अडाणी नाही. हा दिवा दोनच तऱ्हांनी लागतो, एक पुढून बटण दाबून, दुसरी मशीननेच आतून लावून. बटणं जुनी, सैल झाली असतील, म्हणून मी कमरेच्या उंचीवरचं एक सोडून एकेका बटणावर चिकटपट्टी लावली, नखाने दाबून. दुसऱ्या दिवशी चिकटपट्ट्या होत्या तशाच होत्या, एक सुरकुती नाही. आणि मागे, वरून तिसऱ्या मशीनचा दिवा लागलेला होता. म्हणजे आतली सर्किटं बिघडली, मी म्हटलं. भाऊजींनी जोरात मान हलवली. जुन्या मालाचं असंच असतं म्हणाले.

बिघडलेलं सर्किट एकदाही चुकलं नाही. ज्याचा दिवा लागायचा ते भरलेलं निघायचं. ज्याचा नाही लागला ते मी मुद्दाम एकदा काढून पाहिलं, तर आत नुसती धूळ.

त्यानंतर आम्ही शहाण्यासारखं कारण शोधणं सोडून दिलं. खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत फार मजा येत होती. सकाळी उठल्यापासून घरात लग्नघरासारखी लगबग असायची. फोन वाजत होते, खोकी भरत होती, भाव रोज वर जात होता. भाऊजी आल्या आल्या विचारायचे, आज दिवा नाही वाटतं? जसं कुणी विचारावं, आज ऊन नाही वाटतं? लेक पुढच्या खोलीत बसून कोर्सची माहिती वाचायची. निळा उजेड तिच्या गुडघ्यांवर पडला की ती वाचता वाचता थांबायची, आणि उजेड जाईपर्यंत मान वर करायची नाही. "बाबा" हा शब्द त्या दिवसांत आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. मीही नाही.

रॅक रिकामा होत गेला. मधून आता पुढची खोली दिसायची, लेकीचे पाय दिसायचे. शेवटी एकच मशीन उरलं, कमरेच्या उंचीवर.

ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. गेल्या वर्षी, अशाच दुपारी, ह्यांनी त्याचं बटण दाबलं होतं. मी मागून वायर काढली. दिवा विझला. मी वाट पाहिली. मशीन सरकलं नाही. मला वाटलं चहा घेत असतील. थोड्या वेळाने पुढे गेले, तर हे त्याला हात लावून बसले होते, जमिनीवर, भिंतीला टेकल्यासारखे.

तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. भाऊजींचं फडकंसुद्धा ते चुकवून फिरलं होतं.

मुदतीचा शेवटचा दिवस होता. फीची रक्कम पुरी व्हायला तेवढं एक मशीन कमी पडत होतं. व्यापाऱ्याची गाडी दाराशी आली, भाऊजी खोकी द्यायला खाली उतरले. जाताना मला म्हणाले होते, वहिनी, तुम्ही ठरवा.

मी मागच्या खोलीत गेले. नकोच म्हणायचं ठरवून गेले होते. पोरीला काय सांगायचं तेही मनात जुळवलं होतं.

दिवा लागलेला होता.

निळा, स्थिर.

सवयीने मी वायर काढायला हात पुढे केला. बोटांना रिकामी खाच लागली. वायर खाली लोंबत होती, गेल्या वर्षी मी सोडली होती तशीच, टोकाला जाळं.

मी तळहात झाकणावर ठेवला. पत्रा कोमट होता.

"तिकडे कोण आहे?" मी विचारलं.

"मी एकटीच आहे, आई." मशीनच्या खालून लेकीचा आवाज आला. "इकडेही लागलाय."

"बटणाला हात लावू नकोस."

"नाही लावला."

आतून पंख्याची एक बारीक फिरकी ऐकू आली. वाऱ्याची झुळूक माझ्या मनगटावर आली आणि थांबली. मग परत आली.

मी वाकून मशीनच्या खालून पाहिलं. लेक जमिनीवर बसली होती, निळ्या उजेडात. पहिल्यांदाच तिने मान खाली घातली नव्हती. तिने मशीनची दोन्ही हँडल्स धरली होती, ओढायला तयार, हे धरायचे तशी.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "बाबांना बाहेर काढायचं राहिलंय."