लाल ठिपका आणि दोन ठोके

फेब्रुवारीत शिकागोत दुपारी चारपासूनच उजेड अंग चोरायला लागतो. अशाच एका दुपारी काझिमिर डोम्बेक हत्यारांची पेटी घेऊन वांडाच्या बारमध्ये शिरला. त्यानं बुटांवरचा बर्फ झाडला आणि काउंटरवरच्या बरणीतलं उकडलेलं अंडं न विचारता तोंडात टाकलं. काम किरकोळ होतं. कोपऱ्यातलं पिनबॉलचं, नाणं टाकून गोळी उडवायच्या खेळाचं यंत्र बिघडलं होतं, आणि बिघाड आपणच केलेला असल्यावर शोधायला कितीसा वेळ लागतो?

काझ आणि वांडाचा नवरा लुडविक, दोघांनी पिनबॉलच्या कारखान्यात एकाच बाकावर तीस वर्षं तारा सोल्डर केल्या, आणि तीस वर्षं एकमेकांची टोपी उडवली. एकानं खोडी काढायची, दुसऱ्यानं पकडायची. पकडली की टेबलावर दोनदा ठोकायचं, ठक ठक, आणि हरलेल्यानं मुकाट बिअर पाजायची. शेवटची खोडी काझची होती. या यंत्रातल्या एका स्विचचा चांगला डायोड काढून त्यानं गुपचूप जळका बसवला. डायोड म्हणजे तांदळाएवढा पहारेकरी, वीज पुढे सोडतो पण मागे फिरू देत नाही. तो मेला की वीज भलत्या वाटेनं हिंडते. मग कुणी बोटही न लावलेला स्विच दाबला गेलाय असं यंत्राला वाटतं, आणि फुकटचा डाव लागला हे कळवणारी हातोडी आतून लाकडावर आपटते. ठक!

लुडविककडून पकडल्याचे ठोके काही आले नाहीत. नोव्हेंबरात त्याचं हृदयच थांबलं. तेव्हापासून काझ इकडे फिरकला नव्हता.

आणि आता वांडाचं हृदय. उद्या सकाळी शस्त्रक्रिया, आणि बाई इस्पितळात जायलाच तयार नव्हती.

"रोज चारला मी यंत्र चालू करते, काझ, आणि लुडविक आतून वाजवतो. त्याला एकटं टाकून कशी जाऊ?"

"आई, बिघाड आहे तो! म्हणूनच काझकाकांना बोलावलंय." मुलगी रेनाटा कोट चढवूनच उभी होती. "डॉक्टर म्हणतात, आता एक आठवडाही थांबायचं नाही. काझकाका, तुम्ही तरी सांगा!"

काझनं अंडं गिळलं. "वांडा... तो लुडविक नाही. मी आहे. म्हणजे माझी खोडी आहे ती. जळका डायोड."

वांडानं हातातलं फडकं काउंटरवर आपटलं. "तीन महिने मी त्या आवाजाशी बोलतेय, मेल्या."

"मला कुठं माहीत होतं गं..."

"काढून दाखव. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही."

काझनं प्लग उपटला, वरची काच काढली, खेळाची फळी उचलून काठीवर टेकवली. आतून धूळ, जुनं तेल आणि लुडविकच्या स्वस्त सिगारचा वास आला. येणारच, इतकी वर्षं इथंच तर धूर काढला त्यानं. टॉर्च दातांत धरून काझनं आपला स्विच शोधला.

डायोड चांगला होता.

त्यानं मीटर लावला. पुढून वीज जात होती, मागून नाही. शेजारचे सगळे डायोड तपासले, स्विचची पाती बोटानं दाबून पाहिली. यंत्र ठणठणीत! डायोडच्या सांध्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. केलेल्या कामावर असा ठिपका साऱ्या कारखान्यात एकच माणूस द्यायचा, तोही बायकोची बाटली चोरून. म्हणजे लुडविकनं खोडी पकडली होती तर, मरायच्या आधीच. मग तीन महिने हे...

काझनं ठिपक्याला बोट लावलं. बोट लाल झालं. ठिपका ओला होता.

"सापडला का रे?" मागून वांडानं विचारलं.

काझनं लाल बोट पँटला पुसलं. मग खिशातल्या डबीतला एक जळका डायोड मुठीत घेऊन वळला. "हा बघ... हाच तो हरामखोर."

वांडानं तो तळहातावर घेतला. चेहरा असा विझला, की काझला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. "एवढासा?" ती पुटपुटली. "चल, रेनाटा. माझी पिशवी घे."

दार लागलं. बाहेर गाडीची दारं वाजली. काझ फळी खाली घ्यायला वाकला, आणि त्याच्या छातीसमोर, लाकडाच्या आत...

ठक.

ठक.

प्लग जमिनीवर पडला होता, त्याच्या बुटाशेजारी.

"पकडलंस," काझ कुजबुजला. "पण खोटं नसतो बोललो तर ती गेली नसती, लुडविक..." काउंटरमागे जाऊन त्यानं बिअरचा ग्लास भरला, यंत्रावर ठेवला आणि वाट बघितली. आत काहीच हललं नाही. सिगारचा वासही नव्हता. आता तिथं फक्त धूळ आणि तेल.

तेव्हा त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. रेनाटा गाडी वळवत होती, वांडा तिच्या शेजारी. मागची सीट रिकामी. पण मागची डावी बाजू पार चाकावर बसली होती, जशी तीनशे पौंडांचा लुडविक बसला की बसायची.

काझ तसाच बर्फात पळाला, हात हलवत, ओरडत. सोबतीला निघालायस की न्यायला, एवढंच त्याला विचारायचं होतं. गाडी कोपऱ्यावरून वळली. मागच्या काचेवर आतून बोटाएवढा लाल ठिपका होता.