शेजारच्या सीटचा ब्रेक

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. कुणाला पटवत बसायचा मला आता कंटाळा आलाय.

हे माझ्या सख्ख्या मामाबरोबर घडलंय. मामाचं गाड्यांचं गॅरेज आहे. भुताखेताचं नाव काढलं की समोरच्याची टर उडवणारा माणूस. त्याने मला हे एकदाच सांगितलं, आणि सांगताना तो घाबरलेला नव्हता...

तो चिडलेला होता.

अजूनही आहे.

थंडीतला रविवार. संध्याकाळ, दिवे लागायच्या जरा आधीची. जागा म्हणजे शहराबाहेरचा सरळसोट रस्ता. एका बाजूला बंद कारखान्याची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

गाडी होती दाजींची.

दाजी म्हणजे मामाचे दाजी, माझ्या मावशीचा नवरा. मावशी मामाची थोरली बहीण, त्याची ताई. ती याच गाडीत गेली. उतारावर गाडी उभ्या ट्रकच्या मागे घुसली, आणि नेमकी डाव्या बाजूने घुसली. डावीकडे मावशी बसली होती. दाजींना साधं खरचटलंसुद्धा नाही.

"ब्रेक अचानक फेल झाले," दाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. "कुणाला काय माहीत होतं?"

अहो, मामाला माहीत होतं! त्याने चाक काढून दाजींना दाखवलं होतं. ब्रेकचे पॅड संपून लोखंडावर लोखंड घासत होतं. "गाडी इथेच ठेवा," असं बजावलंही होतं. दाजींनी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. "तुम्हा मेकॅनिक लोकांना सगळंच बिघडलेलं दिसतं," असं वर हसून गाडी घेऊन गेले.

मामा हे सगळ्यांसमोर बोलणार होता. पण मावशीच्या मुलीने, चिऊने, त्याचा हात धरला. "मामा, बाबांना काही बोलू नकोस ना. मला आता ते एकटेच उरलेत."

मामाने तोंडाला कुलूप लावलं. पोरीसाठी.

आणि काही महिन्यांनी तीच गाडी, पत्रा ठोकून, नवा रंग मारून, दाजींनी त्याच्याच गॅरेजसमोर आणून उभी केली.

"ब्रेक तेवढे नवे टाक. चिऊला रोज कॉलेजला मीच सोडणार आहे."

मामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच गाडीत? त्याच सीटवर? ह्याच माणसाच्या शेजारी? पण नाही म्हटलं असतं तर दाजी दुसरीकडे गेले असते, आणि तिथे कुणी काय बसवलं असतं देव जाणे. मामाने दात-ओठ खात स्वतःच्या हाताने नव्या डिस्क आणि नवे पॅड बसवले.

आता एक गोष्ट समजून घ्या. नवे ब्रेक बसवले की गाडी लगेच देता येत नाही. पॅड आणि चाकाबरोबर फिरणारी डिस्क एकमेकांवर नीट बसावे लागतात. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवायची, ब्रेक दाबून चालण्याच्या वेगावर आणायची, पुन्हा पळवायची. असं बऱ्याचदा. आणि एक नियम... ब्रेक तापलेले असताना गाडी पूर्ण थांबवायची नाही. तापलेला पॅड एका जागी चिकटला की डिस्कवर डाग पडतो, आणि तो ब्रेक मग कायमचा थरथरतो.

त्या रविवारी मामाने दाजींना बळंच सोबत घेतलं. "चला. ब्रेक लागतो तेव्हा कसं वाटतं ते एकदा बघा."

दाजींबरोबर आलेली चिऊ गॅरेजमध्ये स्टुलावर बसून राहिली.

दाजी मागे बसले. पुढची सीट रिकामी असताना.

मामाने भिंतीच्या कडेने वेग घेतला. ब्रेककडे पाय नेला...

धप्प.

शेजारून आवाज आला. खालून.

मामाला वाटलं, एखादा पाना राहिला असेल. पण गाडी त्याने स्वतः रिकामी केली होती. त्याने वेग कमी केला, पुन्हा वाढवला, पुन्हा ब्रेककडे पाय नेला.

धप्प.

त्याचा पाय पोचायच्या आधी.

तिसऱ्या वेळी त्याने मान वळवून बघितलं. सीट रिकामी होती. सीटपुढची, पाय ठेवायची रबरी मॅट मात्र... दबलेली होती. टाचेपाशी आणि चवड्यापाशी.

आपण नाही का शेजारी बसून घाबरलो की पाय दाबतो? ब्रेक आपल्या पायाखाली नसतो, तरी दाबतो. तस्सं.



मग मामाच्या लक्षात आलं... दाजी गप्प होते. अशा वेळी माणूस विचारतो ना, की काय वाजतंय? दाजींनी विचारलं नाही. मामाने आरशात बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

त्यांना तो आवाज ओळखीचा होता.

धप्प. धप्प.

आता मामाचा पाय ब्रेककडे जातही नव्हता. रस्ता मोकळा होता. तरी आवाज येतच होता, आधीपेक्षा जोरात. त्यात भीती नव्हती. संताप होता.

"गाडी थांबव," दाजी म्हणाले.

"थांबवता येत नाही. ब्रेक तापलेत."

"थांबव म्हणतो ना!"

"असंच म्हणाली होती का माझी ताई?" मामा ओरडला. इतक्या महिन्यांचं कुलूप तुटलं. "बोला ना! असंच ओरडत होती का?"

धप्प! धप्प! धप्प!

"ती पाय आपटत होती!" दाजी किंचाळले. "उतार लागल्यापासून आपटत होती. मी म्हटलं, तुझ्या पायाखाली ब्रेक नाही, गप्प बस... मला हसू आलं... म्हणून अजून जरा पळवली... गंमत म्हणून..."

आणि पुढे वाकून त्यांनी हँडब्रेक ओढला.

गाडी करकचून थांबली. तापलेल्या ब्रेकवर. दाजी दार उघडून रस्त्यावर पडले आणि ओकले.

आतला धप्प आवाज बंद झाला होता.

"ताई..." मामाने हळूच हाक मारली.

मॅट सावकाश वर आली. बाकी काही नाही. "माझ्याशी एक शब्द बोलली नाही रे," मामा मला म्हणाला.

परत येताना दाजी सावरले होते. भीती ओसरली की काही माणसं किती लवकर शहाणी होतात! "मी मघाशी काही बोललो असेन तर विसर," ते म्हणाले. "चिऊला कळलं तर ती कोलमडेल. बघ बाबा, तुझीच भाची आहे."

मामाला त्यांचा गळा धरावासा वाटला. पण बोलणं खोटं नव्हतं. पोर कोलमडली असती.  गॅरेजसमोर गाडी लावून, किल्ली काढून तो खाली उतरला.

चिऊ धावत आली. "झाली गाडी? चला बाबा, उशीर झालाय." दाजी स्टिअरिंगसमोर येऊन बसले. ती पुढचं दार उघडून बसली.

त्या सीटवर.

मामा तिच्या दारापाशी आला. बोललो तर पोरीचा बाप जातो, नाही बोललो तर पोर.

धप्प...

चिऊने दोन्ही पाय वर घेतले. "मामा... खाली कोणीतरी पाय आपटतंय."

"इंजिन आहे," दाजी घाईने म्हणाले.

किल्ली अजून मामाच्या हातात होती.

धप्प. धप्प. कुणाचाही पाय नसताना मॅट दबत होती, उठत होती, दबत होती. चिऊ त्या मॅटकडे बघत राहिली. मग तिने मामाकडे बघितलं.

मामाने सगळं सांगितलं. दारापाशी उभा राहून, एका दमात. झिजलेले पॅड, उतार, ते हसणं.

चिऊ रडली नाही. वडिलांकडे वळून तिने एकच विचारलं, "ती घाबरून पाय आपटत होती, आणि तुम्हाला हसू आलं?"



ती उतरली. दार लावलं. आतला आवाज थांबला नाही. मामाने खिडकीतून किल्ली दाजींच्या मांडीवर टाकली. "घेऊन जा. ब्रेक नवे आहेत."

पोरीसमोर नाही कसं म्हणणार? त्यांनी गाडी चालू केली. गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मामाला आणि चिऊला तो आवाज ऐकू येत होता.

चिऊ आता मामाकडेच राहते. दाजींनी गाडी विकायचा खूप प्रयत्न केला. गिऱ्हाईक येतं, दाजींना शेजारी बसवून एक फेरी मारतं आणि किल्ली परत देऊन निघून जातं. शेवटी दाजी तीच वापरतात. एकटेच. सायकलवाला पुढे जातो इतक्या हळू.

परवा मी मामाकडे गेलो होतो. बोलता बोलता म्हटलं, "ती गाडी एकदाची भंगारात द्यायला सांगू का दाजींना? मावशीची तरी सुटका होईल."

चिऊ कपड्यांच्या घड्या करत होती. तिने वर बघितलंसुद्धा नाही.

"नको दादा," ती म्हणाली. "तिचं अजून बोलून झालेलं नाही."

तुला कसं माहीत, असं मी विचारणार होतो.

मामाने मला डोळ्यांनीच गप्प केलं.