गोटेनाद

वैनगंगेतले गोटे केव्हाच शहरांच्या भिंतींत जाऊन बसले होते, पण त्यांचा आवाज मात्र नदीतच राहिला होता. सोनेघाट गावाजवळ पूर्वी गुडघाभर पाण्यात गोट्यांचा उथळ पट्टा होता. आता तिथे खदानीचा खोल डोह होता. डोहाच्या कडेला, पाण्याखाली बसवलेलं एक यंत्र त्या नसलेल्या गोट्यांचा खळखळाट अखंड करत असे. त्याला गोटेनाद म्हणत.

ही कल्पना डॉ. वृंदा हर्डीकरची. माशाला वाट दाखवायला आवाज पुरतो, असं ती भेटेल त्याला समजावून सांगायची. उथळ प्रवाहात गोटे एकमेकांवर घासतात, सुपात हरभरे घोळावेत तसा आवाज होतो आणि पाण्याखालून लांबवर जातो. तो ऐकून महासीर अंडी घालायला येतो. गोटे उपसले की आवाज थांबतो, मासा फिरकत नाही, आणि त्याच्या पिलांवर जगणारे बगळे, पाणकावळे काठची पाणथळ सोडून जातात.

खदान काही टळणार नव्हती. शहरांना भिंती हव्याच होत्या, आणि त्याच भिंतींच्या आत बसून आपण सगळे नदीसाठी हळहळत होतो. म्हणून वृंदानं डोहाच्या एका कडेला जाळीच्या तबकांत थोडे गोटे राखले आणि माशांना तिथवर बोलवायला आवाज ठेवला.

सुरुवातीला मासे फसले नाहीत. मग तिनं दुधराम वलथरे या मासेमाराला गाठलं. सोनेघाटचे धीवर वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवून दांड्याला कान लावतात. खालचे गोटे वाजले की पाणी उथळ, तिथे उतरायचं आणि डोंगा ओढत न्यायचा. वृंदानं बनवलेला प्रत्येक आवाज दुधराम असाच ऐकायचा आणि नाक मुरडायचा. हे डब्यातले गोटे आहेत, म्हणायचा. तिलाही त्यानं ऐकायला शिकवलं. पहिले काही महिने तिला नुसती गुणगुण ऐकू आली, मग हळूहळू पाण्याचा तळ कळायला लागला.

अखेर एका दुपारी त्यानं दांड्याला कान लावला आणि एक पाय डोंग्याबाहेर टाकला. मग दचकून मागे घेतला आणि पोट धरून हसला. वृंदाही हसली. तिला ती सगळ्यात मोठी शाबासकी वाटली. त्या वर्षी मासे आले, आणि पाणथळीतल्या बाभळी घरट्यांनी वाकल्या.

पुढच्या वर्षी, पावसाळा सरल्यावरच्या एका सकाळी नदीवर दाट धुकं होतं. दुधराम मासे घेऊन परतत होता. काठ दिसेना, म्हणून त्यानं वल्ह्याला कान लावला, गोटे ऐकले आणि डोंगा ओढायला उतरला. जाळ्याची दोरी कमरेला होती. ती सुटली नाही.

त्यानं स्वतः घडवलेला आवाज त्यालाच कसा कळला नाही, हे गावाला समजेना. वृंदाला समजत होतं. यंत्र आहे हे डोक्याला ठाऊक असतं, पण आयुष्यभराची सवय पायात असते, आणि पाय डोक्याला विचारत नाही.

ती दुधरामच्या बायकोकडे, सयत्राबाईकडे आली. यंत्र बंद करते, म्हणाली. सयत्राबाईनं विचारलं, मग माशांचं काय? वृंदा खोटं बोलली नाही. मासे जातील, पाणथळ ओस पडेल. माणसांना कळेल अशी खूण आवाजात घालता येत नाही का, असंही सयत्राबाईनं विचारलं. वृंदानं ते करून पाहिलं होतं. माणसाला कळते ती खूण माशालाही कळायची, आणि मासा परत फिरायचा.

सयत्राबाईनं कोपऱ्यातलं वल्हं उचललं. मग म्हणाली, मले तेथं घेऊन चला.

त्या दोघी डोंग्यातून आल्या, तेव्हा डोह शांत होता. बाभळींवर पिलांचा कलकलाट चालला होता. सयत्राबाईनं नवऱ्याचं वल्हं पाण्यात सोडलं आणि दांड्याला कान लावला. तिच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं.

"अजून म्हनते, उतर," ती म्हणाली.

डोळे पुसून ती वृंदाकडे वळली.

"बंद नोका करू, बाई. पाखरं त् जगू द्या. आमीच आता नदीचं आयकनं सोडतो. पोरायलेबी शिकवनार नाई."

वृंदाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची भयंकर लाज वाटली. पिढ्यान्‌पिढ्या नदीशी बोलणारं एक गाव तिच्या यंत्रासाठी आपले कान मिटून घेत होतं, आणि तिला नाही म्हणवत नव्हतं. दुधरामची आठवण म्हणून एकदाच ऐकावं, असं वाटून तिनं दांडा हातात घेतला.

गोटे वाजत होते, अगदी जवळ, गुडघाभर पाण्यात. किती ओळखीचा आवाज होता तो. दुधरामनं पहिल्यांदा तिला तळ ऐकवला होता, ती दुपार तिला आठवली.

डोंगा एका बाजूला कलला, तेव्हा तिनं खाली पाहिलं. तिचा एक पाय घोट्यापर्यंत पाण्यात गेला होता.

सयत्राबाईनं तिचा दंड घट्ट धरला होता. काठ येईपर्यंत तिनं तो सोडला नाही.